नागपूरचा मुक्काम: आई, इंदोरा आणि भंतेजी

पहिला आणि दुसरा दिवस : गाडीत

आईचे वडील १९५६ साली बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेला नागपूरला जाऊ शकले नाहीत. घरात गाडीभाड्यापुरते पैसे नव्हते आणि ज्यांच्या रानात कामाला होते त्यांनी ऐन सुगीत सोडलं नाही. आमच्या भागातून दोघंजण गेले. परत आल्यावर त्यांनी पारावर बसून जे सांगितलं ते आजोबांनी आईला सांगितलं, आईनं मला. आजोबांनी पुढे गावातच दीक्षा घेतली, पण ‘नागपूर राहिलं’ हे शब्द मरेपर्यंत त्यांच्या तोंडी होते. आई यंदा एकाहत्तरची झाली. ऑगस्टमध्ये एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, “दसऱ्याला मला दीक्षाभूमीवर ने. गुडघं चालत्यात तवर.”

कराडहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट नागपूरला जाते. एका दिवशी बसायचं ते दुसऱ्या दिवशी उतरायचं. लांबचा प्रवास आहे, पण म्हाताऱ्या माणसाला घेऊन गाड्या बदलण्यापेक्षा हे बरं. दसऱ्याच्या आठवड्यातलं आरक्षण मात्र दोन महिने आधीच करा.

पुण्यानंतर रात्र झाली. सकाळी भुसावळला जाग आली तेव्हा डब्याचा चेहराच बदललेला होता. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, कडेवर लेकरं. अकोल्याला एक अख्खं कुटुंब चढलं, चौदा माणसं. जागा नव्हतीच. आईनं पाय पोटाशी घेतले आणि त्यांच्यातल्या म्हातारीला शेजारी बसवलं. म्हातारीनं फडकं सोडलं तर ज्वारीची भाकर, ठेचा आणि भाजलेल्या वांग्याचं भरीत. आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. “ही फल्लीची चटणी का जी?” म्हातारीनं विचारलं. शेंगदाण्याला इकडे फल्ली म्हणतात हे आईला तिथं कळलं. बडनेऱ्यापर्यंत दोघींनी एकमेकींच्या सुनांची सगळी माहिती काढली होती.

वर्ध्यापासून पुढे गाडी रेंगाळत गेली. नागपूरला उतरलो तेव्हा साडेआठ वाजले होते आणि उकडत होतं. ऑक्टोबरात विदर्भात गारवा असेल अशी कल्पना करू नका. दिवसा ऊन चांगलंच चटकतं. मध्येच एखादी जोरदार सर येते, आणि ती गेली की उकाडा दुप्पट होतो. टोपी, रुमाल, पाण्याची बाटली आणि साखर-मिठाची पुडी जवळ ठेवा.

तिसरा दिवस : दीक्षाभूमी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी सातला निघालो. मेट्रोची नारिंगी मार्गिका आम्हाला फार उपयोगी पडली. राहाटे कॉलनीला उतरून चालत गेलं की दीक्षाभूमी. याच मार्गिकेवर उत्तरेला इंदोरा चौक आहे, म्हणून सारखी रिक्षा शोधावी लागली नाही. स्थानकाजवळ तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर लालभडक चण्याचा रस्सा, वर कांदा. आईला ते तिखट वाटलं नाही. कराडकर आहे ती.

स्तूप पहिल्यांदा दिसला तेव्हा आई थांबली. फोटोत किती वेळा पाहिलेला, पण समोर पाहिल्यावर डोकं मागं टाकून बघावं लागतं. उंची १२० फूट आणि व्यासही तेवढाच. शेओ दान मल या वास्तुशिल्पकाराचं काम आहे हे. बांधायला १९७८ पासून दोन दशकांहून अधिक काळ लागला आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. सांचीचा स्तूप आतून भरीव आहे, हा पोकळ. म्हणजे माणसं आत जाऊ शकतात, आणि मला हे फार योग्य वाटतं. आवारात बोधिवृक्ष आहे. भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतल्या अनुराधपुरहून त्याची रोपं आणली. आई त्या झाडाखाली बसली, पिशवीतून आजोबांचा फोटो काढला, मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ काही बोलली नाही. मी पाणी आणायचं निमित्त करून बाजूला गेलो.

नऊच्या सुमारास दीक्षाविधी सुरू झाला. मंचासमोर पांढऱ्या कपड्यांतली माणसं ओळीनं बसलेली. आमच्या पुढे उत्तर प्रदेशातलं एक तरुण जोडपं होतं, बायकोच्या मांडीवर सहा महिन्यांचं मूल. बाजूला तेलंगणातून आलेले चार मित्र, त्यांना ना मराठी येत होती ना धड हिंदी. मंचावर भिक्खू येऊन बसले आणि मग दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून एका वृद्ध भिक्खूंना आणलं. ठेंगणी चण, किंचित वाकलेली पाठ, वय नव्वदीच्या घरातलं. सगळं मैदान उठून उभं राहिलं.

भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई, जन्मानं जपानी. नागपूरकर त्यांना नुसतं ‘भंतेजी’ म्हणतात, आणि शहरात एवढे भंते असूनही तो कोणाबद्दलचा शब्द आहे ते सगळ्यांना कळतं.

त्यांनी माइक हातात घेतला. “नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स.” आवाज थकलेला, पण पाली उच्चार ठाशीव. मग त्रिसरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाणं, मग पंचशील, म्हणजे पाच शीलं पाळायचं वचन. ते एक ओळ म्हणत, थांबत, आणि मैदान ती उचलून धरत असे. माझ्या पुढच्या त्या तरुण आईनं मुलाचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून जोडले होते. तेलंगणातली मुलं डोळे मिटून म्हणत होती. पाली त्यांचीही नव्हती, माझीही नव्हती आणि मंचावर बसलेल्या त्या जपानी माणसाचीही नव्हती. तिसऱ्यांदा ‘ततियम्पि’ म्हणताना माझा आवाज फुटला. मग बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा झाल्या. आईला त्या पाठ आहेत, ती मंचाच्या एक शब्द पुढेच होती.

१४ ऑक्टोबर १९५६ ला इथेच बाबासाहेबांनी कुशीनाराच्या चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिसरण-पंचशील घेतलं आणि मग स्वतः उभं राहून लाखो लोकांना दीक्षा दिली. चंद्रमणी जन्मानं ब्रह्मदेशचे. म्हणजे या भूमीला दूरदेशीचा भिक्खू नवा नाही. आणि ६ डिसेंबर १९५६ ला, दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, बाबासाहेब गेले. त्या दिवशी इंग्लंडचे भिक्खू संघरक्षित नेमके नागपुरात आले होते. पुढचे चार दिवस ते वस्त्यावस्त्यांतून हिंडून लोकांना धीर देत राहिले. आनंद कौसल्यायनही पुढे नागपुरात येऊन राहिले आणि इथेच १९८८ साली गेले. पण मला त्या मैदानावर उभं राहून एकच गोष्ट छळत होती. लाखो माणसांनी एका दिवसात जुने देव सोडले. पुढे घरात मूल जन्मलं, लग्न निघालं, माणूस गेलं, तेव्हा दारात येऊन बसणारं कोण होतं? तेवढे भिक्खू होते कुठे?

याचं उत्तर दोन दिवसांनी मला इंदोऱ्यात एका ओसरीवर मिळालं. पण त्याआधी दसरा.

चौथा दिवस : अशोक विजयादशमी

त्या दिवशीची गर्दी शब्दांत सांगता येत नाही. सकाळी सामूहिक बुद्धवंदना झाली, समता सैनिक दल या स्वयंसेवक संघटनेची मानवंदना झाली. गर्दी आवरण्याचं बरंचसं काम दलाची पोरं-पोरी करतात. घामानं निथळतात, पण कोणाला ढकलत नाहीत. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुस्तकांची दुकानं. हातात पिशवी घेऊन पुस्तकं विकत घेणारे शेतमजूर मी तिथं पाहिले. एका माणसानं आधी खिशातले पैसे मोजले, परतीच्या तिकिटाचे बाजूला काढले आणि उरलेल्यांची पुस्तकं घेतली.

आणि जेवण. वस्त्यांची मंडळं, कर्मचारी संघटना, कॉलेजातल्या पोरांचे गट, सगळ्यांनी रस्त्याकडेला भोजनदानाचे मांडव घातलेले. पुरी-भाजी, मसालेभात, बुंदी, ताक, केळी, थंड पाणी. “या माय, जेवून जा”, “दादा, थोडंसं घ्या नं जी” असं हात धरून बसवतात. पैसे विचारले तर वाईट वाटतं त्यांना.

साडेअकराला आई हरवली.

पुस्तकाच्या दुकानात मी वळून पाहिलं तर ती नव्हती. फोन माझ्याच पिशवीत. पाऊण तास मी वेड्यासारखा फिरलो. दलाच्या एका मुलीनं नाव, गाव, साडीचा रंग विचारला. रंग पांढरा म्हटल्यावर तिनं चोहोकडे पाहिलं, तिथं हजारो पांढऱ्या साड्या. तिनं ध्वनिक्षेपकावरून पुकारा केला. मग म्हणाली, “काका, घाबरू नका. इथं कोणी हरवत नाही, कुठंतरी जेवत असतील.”

जेवत नव्हती. चार मांडव पलीकडे इंदोऱ्याच्या एका मंडळाच्या मांडवात पाटावर बसून पुऱ्या लाटत होती. पाच-सहा बायकांच्या मध्ये, पदर खोचून. मला पाहून म्हणाली, “आरं, ह्यांच्यातली एक बाई चक्कर येऊन पडली, मग मी बसले. मी काय एकटीच हाय व्हय हितं?” मला रागही आला आणि तिथंच बसावंसंही वाटलं. पलीकडून एक मावशी ओरडली, “माय, तो सांबार दे नं इकडं!” आणि आई सांबाराचं पातेलं शोधायला लागली. सांबार म्हणजे कोथिंबीर. बायका जी हसल्या, त्या हसण्यात आईची त्यांच्याशी सोयरीक पक्की झाली. तीन वाजेपर्यंत आम्ही तिथंच होतो. मी बादलीतून भात वाढला. खांदे भरून आले.

घरच्या वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी एवढं करा: त्यांच्या कमरेच्या पिशवीत नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, फोन त्यांच्याच गळ्यात अडकवा, आणि चुकामूक झाली तर कुठल्या खुणेपाशी थांबायचं ते सकाळीच ठरवा. चपला स्वस्तातल्या घाला. औषधं एका दिवसाची जास्त ठेवा, कारण संध्याकाळी बाहेर पडायलाच दोन तास लागतात.

निघताना कोथिंबीरवाल्या मावशींनी आईचा हात सोडला नाही. “उद्या आमच्याकडं इंदोऱ्याले या. विहार दाखवतो. भंतेजींचा विहार.”

पाचवा दिवस : इंदोरा

उत्तर नागपुरातला इंदोरा हा आंबेडकरी चळवळीचा जुना बालेकिल्ला. गल्ल्या अरुंद, घरं एकमेकांना टेकलेली, दर दहा पावलांवर निळा झेंडा. मावशींचं घर दोन खोल्यांचं, पुढे ओसरी. गेल्या गेल्या पाटोडीचा रस्सा आणि भात समोर आला. आमच्याकडच्या पाटवड्यांसारखंच, पण रस्सा झणझणीत आणि वर सांबार भरपूर. आता आईला तो शब्द येत होता.

ससाई यांचं चरित्र मी जाण्याआधी वाचलं होतं. जन्म १९३५, जपानच्या ओकायामा प्रांतात. तरुणपणी आयुष्याला कंटाळून जीव द्यायला निघालेला हा माणूस पुढे भिक्खू झाला, थायलंडला गेला आणि १९६६ मध्ये भारतात आला. राजगीरला जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी गुरुजींच्या शांतिस्तूपाच्या कामात राहिला. तिथं त्यांना प्राचीन बौद्ध तत्त्वज्ञ आचार्य नागार्जुनांचा दृष्टान्त झाला, नागपूरला जा असा, हे ते स्वतः सांगत आले आहेत. नागपुरात कोणी ओळखीचं नव्हतं, भाषा येत नव्हती. लोकांनी त्यांना वामनराव गोडबोल्यांकडे नेलं. हे तेच वामनराव, ज्यांनी भारतीय बौद्धजन समितीचे सचिव म्हणून १९५६ च्या दीक्षा समारंभाची जुळवाजुळव केली होती.

पण हे सगळं मावशींना सांगायची सोय नव्हती. त्यांच्याकडे त्यांचे भंतेजी होते.

“आमचं लग्न लागलं तवा मंगलगाथा भंतेजींनी म्हटल्या. बोलणं हिंदी, पण ऐकताना वेगळंच लागे. माझी नणंद हसली तर सासूनं चिमटा काढला तिले.” मावशी बोलता बोलता तांदूळ निवडत होत्या. “मंग पोराचं नामकरण झालं. मालक गेले तवा पुण्यानुमोदनाले विहारातले भंते आले, मांडी घालून बसले, पाठ म्हटला. आधी काय व्हायचं जी? माणूस मेला तर कोण यायचं आमच्या दारात? आमची आजी सांगे, भट तर सावलीले उभा नाही राहायचा.”

मला दीक्षाभूमीवर पडलेल्या प्रश्नाचं उत्तर ते हे. भिक्खू वस्तीत राहिला, आणि वस्तीनं त्याला जेवू घातलं. उपासकानं भोजन, चीवर म्हणजे भिक्खूचं वस्त्र, निवारा आणि औषध द्यायचं, भिक्खूनं धम्म द्यायचा, हा अडीच हजार वर्षांचा व्यवहार आहे. तो इथं एका गरीब वस्तीनं परक्या देशातल्या माणसाशी केला आणि दोघांनी सहा दशकं पाळला. त्यांच्याकडून दीक्षा घेतलेल्या गावोगावच्या पोरांतून पुढे किती भिक्खू झाले. आज मराठवाड्यात किंवा विदर्भात एखाद्या खेड्यात लग्नाला भंते सहज मिळतात. सत्तर वर्षांपूर्वी ते तसे मिळत नव्हते.

मधल्या काळात व्हिसा संपला म्हणून त्यांना देशाबाहेर जावं लागण्याची वेळ आली, तेव्हा नागपूर पेटून उठलं. “सह्यांचे कागद घरोघरी फिरले. मी सही केली होती त्याच्यावर,” मावशी म्हणाल्या. “तवा मले सही करता येत होती, सासूले नव्हती. तिनं अंगठा देला. म्हणे, आमच्या भंतेले कुठं धाडता?” १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्यांना भारतीय नागरिकत्व मिळालं, आणि आर्य नागार्जुन हे नावही.

पुढे १९९२ मध्ये बोधगयेच्या महाबोधी महाविहारासाठी त्यांनी आंदोलन उभं केलं. १९४९ च्या कायद्यानं तिथल्या व्यवस्थापन समितीत चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य असतात आणि वर जिल्हाधिकारी. बुद्धाला जिथं बोधी झाली ते ठिकाण बौद्धांच्या हाती हवं, एवढी साधी मागणी. ती अजून मान्य झालेली नाही, आणि मला ती पूर्णपणे न्याय्य वाटते. मावशींच्या शेजारच्या काकांनी त्या काळात बोधगयेला जाऊन मुक्काम ठोकला होता. “तिकीट कोणी काढलं होतं, डबे भरून गेलो,” असं सांगताना त्यांचा चेहरा खुलला. २००३ मध्ये भंतेजी राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगावर बौद्धांचे प्रतिनिधी म्हणून गेले. इंदोऱ्यात मात्र हे कोणी आपणहून सांगत नाही. लग्नं, नामकरणं आणि सह्यांचे कागद सांगतात.

संध्याकाळी विहारात गेलो. वर्षावास सुरू होता. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका जागी राहायचं, हिंडायचं नाही. बुद्धाच्या काळात पावसाळ्यात पिकं आणि जीवजंतू पायाखाली तुडवले जाऊ नयेत म्हणून हा नियम झाला. महाराष्ट्रात या तीन महिन्यांत विहारांतून रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन चालतं. त्या दिवशी बारावीतली एक मुलगी वाचत होती. वाचता वाचता अडली की मागून कोणीतरी आजी हलकेच शब्द पुरवायची, पुस्तक न बघता.

भंतेजी विश्रांती घेत होते. दीक्षाभूमीच्या धावपळीनं थकले होते. भेटता येईल का असं विचारायला मी पुढे झालो, तर आईनं माझी बाही ओढली. “नको. म्हाताऱ्या माणसाला उठवू नगंस.” तिनं आणलेली मोसंबी एका तरुण भिक्खूंकडे दिली, आतल्या खोलीच्या दिशेनं वाकून तीनदा वंदन केलं आणि मागं येऊन सतरंजीवर बसली.

विहारात जाणार असाल तर: चपला बाहेर, फोन बंद. भिक्खूंना ‘वंदामि भंते’ म्हणावं आणि त्यांच्यापेक्षा खालच्या आसनावर बसावं. त्यांचं जेवण दुपारी बाराच्या आत होतं, तेव्हा भोजनदान करायचं असेल तर आदल्या दिवशी विचारून साडेदहापर्यंत पोचा. नंतर नेलेलं अन्न ते खाऊ शकत नाहीत. फळं, औषधं, वह्या-पेनं द्या. विहारात शिकायला येणाऱ्या पोरांना वह्या लागतातच.

सहावा दिवस : मनसर आणि कामठी

शेवटच्या दिवशी गाडी ठरवून मनसरला गेलो. नागपूरहून जबलपूर रस्त्यानं सुमारे ५० किलोमीटर, रामटेकच्या अलीकडे. सकाळी आठला पोचलात तरच वर चढा, दहानंतर विटा तापतात आणि सावलीला झाड नाही. मावशी आमच्याबरोबर होत्या. इतक्या वर्षांत त्या मनसरला कधी आल्या नव्हत्या.

हिडिंबा टेकडी असं स्थानिक नाव. ज्या नागार्जुनांच्या शोधात ससाई नागपूरला आले, त्यांचं नाव परंपरा रामटेक-मनसरच्या डोंगरांशी जोडते. म्हणून त्यांच्या बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेनं १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून इथं उत्खनन करवलं, ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ जगतपती जोशी आणि अ. कु. शर्मा यांच्या देखरेखीखाली. मातीच्या टेकाडाखालून विटांचे थरावर थर निघाले, चांदणीसारखे कोन काढलेली जोती, पायऱ्या, आणि खाली वाड्याचे अवशेष. उत्खनन करणाऱ्यांनी इथं स्तूप आणि विहारही ओळखले. दुसऱ्या अभ्यासकांचं म्हणणं असं की हे पाचव्या शतकातल्या वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरपूर, आणि टेकडीवरचं बांधकाम प्रवरेश्वराचं शिवमंदिर. मला दुसरी बाजू अधिक पटली, कारण प्रवरपूरचा पुरावा भक्कम आहे. पण एक गोष्ट निर्विवाद: एका भिक्खूनं ध्यास घेतला नसता तर विदर्भाचा हा इतिहास अजून मातीखाली असता.

वरून तलाव दिसतो आणि पलीकडे रामटेकचा डोंगर. वारा छान होता. मावशींनी विटेवर हात फिरवून विचारलं, “मंग नागार्जुन इथंच राहत होते का जी?” नक्की सांगता येत नाही, असं मी म्हटलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. “भंतेजी तर आलेच नं पण,” त्या म्हणाल्या आणि उतरायला लागल्या.

परतताना कामठीला ड्रॅगन पॅलेस विहार पाहिला. १९९९ मध्ये उभा राहिलेला, जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून. स्वच्छ, शांत, पायांना थंड लागणारी फरशी. खूप सुंदर आहे, अवश्य जा. मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत आणि तिथून रिक्षानं जाता येतं. आई मात्र दहा मिनिटांत बाहेर येऊन पायरीवर बसली. इंदोऱ्याच्या विहारातली सतरंजी तिला जास्त मानवली होती.

स्टेशनवर निरोपाला मावशी आणि त्यांचा नातू आले होते. संत्रा बर्फीचा डबा, आणि वाटेत खायला पुऱ्या.

घरी परतल्यावर लगेचच अश्विन पौर्णिमा होऊन गेली, वर्षावास संपला. त्यानंतरच्या महिन्यात कठिन चीवरदान असतं, वर्षावास केलेल्या भिक्खूंना उपासक चीवराचं कापड देतात. आईनं कराडच्या बाजारात तीन दुकानं पालथी घातली. एकाचा रंग फार भडक होता, एकाचं कापड विरळ. तिसऱ्याकडचं घेतलं, धुऊन सावलीत वाळवलं, आजोबांच्या फोटोपुढे एक रात्र ठेवलं आणि मग मावशींच्या पत्त्यावर टपालानं पाठवलं.

परवा मावशींचा फोन आला. कापड पोचलं. आईनं एकच विचारलं, “रंग बरोबर हाय न्हवं?”